होडीत किती जण होते

तुमच्या बाबाच्या खोलीत अजूनही दर रविवारी चार वाजता भांडण होतं. तुमचा बाबा परदेशी गेला त्याला पंचवीस वर्षं झाली, पण त्याचे तीन शाळासोबती येतात ते येतातच. एक दातांचा डॉक्टर, एक फौंड्रीवाला आणि एक गुळाचा व्यापारी. तिघेही पन्नाशीचे. चपला जिन्याखाली काढतात, "काकू, आलो" म्हणून मला हाक देतात आणि वर जाऊन आरडाओरडा सुरू करतात. मी चहाचं आधण ठेवते. माझ्यासकट चार कप. गुळवाल्याच्या कपात साखर घालावी लागते, कारण त्याला गुळाचा चहा मुळीच आवडत नाही.

ते काका लोक एवढं कशावर भांडतात, असं मागच्या खेपेला तुम्ही फोनवर विचारलंत. मी सांगायला लागले की तुम्ही मध्येच हसता आणि माझं सांगणं भलतीकडे जातं. म्हणून लिहून काढते.

भांडण दोनच गोष्टींवर असतं, इंग्रजी रॉक गाणी आणि इंग्रजी भुताचे पिक्चर. एकेका गाण्याची चार-चार रूपं असतात, हे मला या लोकांमुळे कळलं. स्टुडिओतलं वेगळं, स्टेजवरचं वेगळं, म्हातारपणी पुन्हा गायलेलं वेगळं. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. कविता छापली की ती तशीच राहते, अशी माझी समजूत. डॉक्टरचं मत माझ्यासारखंच आहे. तो म्हणतो, पहिलं रेकॉर्डिंग तेवढे खरे दात, पुढचं सगळं कवळी. फौंड्रीवाल्याला स्टेजवरचंच पाहिजे. "त्यात घाम हाय," म्हणतो. गुळवाला ऐकून घेतो आणि शेवटी एखादंच वाक्य बोलतो.

एका गाण्याबद्दल मात्र तिघांचं एकमत आहे. अकरावीत असताना त्यांनी राजारामपुरीतल्या एका दुकानातून कॅसेट भरून आणली होती. तिची पहिली बाजू एका लांबलचक गिटारच्या मधोमध संपली, आणि ते गाणं पुढे कितीतरी वर्षं त्यांना तेवढंच माहीत होतं. आता कॉम्प्युटरवर पूर्ण गाणं मिळतं. तरी नेमक्या त्या जागी तिघांपैकी कुणीतरी हात पुढे करून ते बंद करतो. खालून मला तेवढीच शांतता ऐकू येते. एकदा चहा देताना मी म्हटलं, "अरे, पुढचं ऐका की."

फौंड्रीवाला म्हणाला, "पुढचं दुसऱ्यांचं हाय, काकू."

पिक्चरांवरची भांडणं पुष्कळ, पण जुनं असं एकच. ते चाळीस वर्षं चाललं.

तुमचे आजोबा इथल्या एका थिएटरचे मॅनेजर होते, हे तुम्हाला माहीत आहे. एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे एक इंग्रजी भुताचा पिक्चर लागला. नवरा-बायको आणि दोन मुलं तळ्यातल्या बेटावरच्या घरात राहायला जातात. त्या घरात पूर्वी मेलेली एक म्हातारी दाई असते. ती त्यांना नाही नाही ते दाखवते, आणि शेवटी एका पहाटे चौघं होडीत बसून सुटतात. होडी धुक्यात दिसेनाशी होते, पिक्चर संपतो.

गुळवाल्याचं म्हणणं, तो तिथे संपत नाही. "होडी परत दिसती," तो सांगायचा. "धुकं सरतं. मोजलं तर आत पाच जण. पाचवी पाठमोरी बसलीया. आन मग ती हसती."

तो तेव्हा दहा वर्षांचा होता. शुक्रवारी पहिल्या खेळाला मोठ्या भावाबरोबर गेला होता. त्यांचं घर लिंगायत, सीमेकडचं, म्हणून भावाला तो अण्णा आणि आईला आव्वा म्हणायचा. डॉक्टर आणि फौंड्रीवाला गेले रविवारी. त्यांना होडीत चारच जण दिसले. शाळेत वाद पेटला आणि निकाल द्यायला तुमच्या बाबाला बोलावलं. मॅनेजरचा मुलगा, शिवाय त्यानेही पहिलाच खेळ पाहिलेला. त्याने छातीठोक सांगितलं, "मी पण शुक्रवारीच बघितलाय. पाचवं कुणीच न्हवतं."

झालं. त्या दिवसापासून गुळवाल्याचं नाव 'पाचवा' पडलं. ते ठेवलं तुमच्या बाबानेच. अजून कप वाटताना "हा पाचव्याला" म्हणतात. तोही हसतो. सुरुवातीला तो म्हणायचा, "अण्णाला विचारा." अण्णा तिशीतच गेला. त्यानंतर तो तसं म्हणेनासा झाला. पाच म्हणायचं मात्र त्याने सोडलं नाही.

यंदा पावसाळ्यात डॉक्टरला तो पिक्चर कॉम्प्युटरवर सापडला, आपल्याकडच्या थिएटरांत फिरलेल्या जुन्या प्रिंटवरून कुणीतरी चढवलेला. रविवारी पडदे ओढून सगळे बसले. तुमच्या बाबाला फोनवर बोलावून तो फोन स्पीकरला टेकवून ठेवला. मी चहा घेऊन वर गेले तेव्हा होडी धुक्यात चालली होती. ती गेली, आणि पडद्यावर नावं यायला लागली. फौंड्रीवाल्याने मागे नेऊन परत लावलं.

"मोज की लका."

"चार," डॉक्टर म्हणाला.

"अजून एकदा लाव," गुळवाला म्हणाला. अजून एकदा लावलं. चारच.

फोनमधून तुमचा बाबा हसला. या मंडळींत आला की त्याची भाषा शाळेतली होते. "आरं, मी तवाच सांगितलं हुतं की! पहिल्या खेळाला मी सोता हुतो."

डॉक्टर मनाने वाईट नाही. समजुतीनं म्हणाला, "लहान होतास रे. त्या वयात मला आमच्या आडात मगर दिसायची."

"मग अण्णा पण खोटं बोलला म्हणायचं?"

फौंड्रीवाल्याने चेष्टेवारी न्यायला बघितलं. "घरला जाऊन आव्वाला विचार, तुमी चौघं हुता का पाच!"

गुळवाल्याने अर्धा कप ट्रेमध्ये ठेवला आणि उठला. मी त्याच्या मागून खाली आले. चपला घालताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकू, त्या दिवशी जेवताना अण्णानं सगळ्यांस्नी मोजलं. अप्पा, आव्वा, त्यो आन मी. चारच हाईत, झोप आता, म्हणाला. आठवडाभर रोज मोजायचा, मला झोप लागावी म्हणून. बघितलं नसतं तर कशाला मोजलं असतं?"

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सवयीने मी दोन्ही वेळा चार कप केले आणि साखरेचा तसाच गार झाला.

आता माझं सांगायला हवं. होडीत पाच जण होते. मी पाहिले आहेत.

प्रिंट आली की आजोबा गुरुवारी ट्रायल बघत. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मला बजावलं, "उद्या पोराला आणणार असशील तर होडी किनाऱ्यावरून सुटली की त्याचे डोळे झाक." तुमच्या बाबाने हट्ट धरला होता, म्हणून आणलं. होडी सुटली तशी मी त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला, आणि दिवे लागल्यावर काढला. त्याने मध्ये विचारलं, "लोक का ओरडले?" मी म्हटलं, "संपला ना पिक्चर, म्हणून." मॅनेजरच्या मुलाची साक्ष ती एवढीच.

घरी आल्यावर मी आजोबांना म्हटलं, "ते शेवटचं मिनिट काढा. सुट्टी आहे, माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली येतील."

"पिक्चर आपला नाही," ते म्हणाले. पिक्चरला कात्री लावायची नाही, हा त्यांचा नियम. गाण्यांचे तुकडे कापून खिशात घालणाऱ्या एका ऑपरेटरला त्यांनी पूर्वी कामावरून काढून टाकलं होतं.

"मुलं तर आपली आहेत?" मी म्हटलं.

ते शनिवारी सकाळी लवकर गेले आणि स्वतःच्या हातांनी तेवढी फिल्म कापली. पुढच्या गुरुवारी प्रिंट परत जाईल तेव्हा ती पुन्हा जोडायची, असं ठरलं होतं. गुरुवारी त्यांना ताप भरला. ऑपरेटरने नेहमीप्रमाणे पेट्या भरून प्रिंट रवाना केली आणि तुकडा आमच्या कपाटात राहिला. कॉम्प्युटरवर आहे ती त्याच प्रिंटची प्रत असणार. त्यांनी ते पिक्चर पाठवणाऱ्या कंपनीला कळवलं नाही. कळवायचं होतं, दोनदा पत्र लिहून फाडलं. नंतर कितीतरी दिवस कंपनीचं पाकीट आलं की ते उभ्यानेच फोडत. मला एकदाच म्हणाले, "हे घरातच राहू दे."

ते मी राहू दिलं. त्यांच्या सचोटीला गाव मान द्यायचं, आणि समोर काय, तर मुलांचा वाद. मुलं मोठी झाली, त्यांचे केस पिकले, तरी मी मनात त्याला मुलांचा वादच म्हणत राहिले. वर्गात मुलींना खरं लिहा म्हणून सांगणारी मी. आजोबा गेल्यावर कपाट लावताना मी तो तुकडा बिस्किटाच्या डब्यात ठेवला आणि सवयीने डब्यावर चिठ्ठी चिकटवली, 'पिक्चर, शेवटचं मिनिट'. माझ्या चिठ्ठ्यांना तुम्ही हसता ते मला ठाऊक आहे.

तिसऱ्या रविवारी सकाळी मी गुळवाल्याच्या दुकानात फोन केला. "दोन किलो गूळ घेऊन चार वाजता ये. आणि खालूनच परत जायचं नाही."

"माणसाकडनं पाठवतो, काकू."

"माणूस नको. तू ये."

आला. मी डबा घेऊन वर गेले आणि तुमच्या बाबाच्या पलंगावर बसले. मी तिथे कधी बसत नाही, त्यामुळे सगळे आपोआप गप्प झाले. फोन स्पीकरला टेकवलेला होताच. मी वर लिहिलं आहे ते त्याच क्रमाने सांगितलं. फिल्म आजोबांनी कापली, हेही सांगितलं.

सर्वांत आधी तुमचा बाबाच बोलला. "आई, तू माझे डोळे झाकले होतेस?"

"हो. डाव्या हाताने. उजव्या हातात तुझा स्वेटर होता."

"मला वाटलं, पिक्चर संपून अंधार झाला."

"तुला तसंच वाटावं म्हणून झाकले होते."

फौंड्रीवाल्याने मांडीवर थाप मारली. "म्हंजे चाळीस वर्सं आमचा साक्षीदार आंधळा!"

डबा उघडला तसा खोलीभर व्हिनेगरसारखा वास सुटला. तुकड्याची गुंडाळी पुरीएवढी. रंग सगळे उडून तांबूस झालेले. डॉक्टरला एक्स-रे बघायची सवय, त्याने कडेला धरून पहिले दोन-तीन फूट सोडवले आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर धरले. बोट न लावता मोजू लागला. "एक, दोन, तीन, चार." मग चष्मा कपाळावर सरकवून त्याने चित्र डोळ्याजवळ नेलं. "पाच. अरे, पाच आहेत!"

त्याने फिल्म गुळवाल्यापुढे केली. गुळवाल्याने आधी रुमालाने हात पुसले. बघता बघता त्याचे ओठ हलत होते. फार वेळ बघितलं त्याने. मग एवढंच म्हणाला, "पाठमोरीच हाय. अण्णा म्हणालाच हुता."

फोनमधून आवाज आला, "चुकलो लका."

"काय? आवाज तुटला. परत म्हण."

"चुकलो म्हणतोय."

"परत. ह्यांस्नी पण ऐकू दे."

तुमच्या बाबाने तीनदा म्हटलं. आवाज एकदाही तुटला नव्हता.

फौंड्रीवाल्याला मात्र स्वस्थ बसवेना. "पाच मान्य. पण ती हसती म्हणालास, ते कुठं दिसतंय?" मी त्यांना फिल्मच्या कडेची बारीक नागमोडी रेघ दाखवली. आवाज तिच्यात असतो, हे आजोबांनी मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. तिघांची डोकी खिडकीत एकत्र आली.

"हीच हसण्याची रेघ."

"कशावरनं? रडण्याची असंल."

"काकूंनी ऐकलंय की! काकू, हसली का रडली?"

"लोक इतके ओरडले की मला काही ऐकू आलं नाही," मी म्हटलं, आणि ते खरं आहे.

"हसलीच असणार," तुमचा बाबा फोनमधून म्हणाला. "मला कायतरी ऐकू आल्यासारखं—"

"तू गप!" तिघं एकदम ओरडले. त्यात सर्वांत मोठा आवाज गुळवाल्याचा होता.

चहा झाल्यावर त्याने विचारलं, त्यातलं एकच चित्र कापून मिळेल का, अण्णाच्या फोटोजवळ ठेवायला. डॉक्टर लगेच कात्री शोधायला उठला. मी नको म्हटलं. या घरात पिक्चरला एकदा कात्री लागली तेवढी पुरे. पाहिजे तर अख्खा डबा ने.

तो डबा पिशवीत घालून जिना उतरत असताना फौंड्रीवाला वरून ओरडला, "आता तुला पाचवा म्हणायचं बंद बरं का!"

"का बंद?" तो खालून म्हणाला. "म्हणा की. आता खरं हाय."

कपाटात डब्याच्या जागी त्याने आणलेला दोन किलो गूळ ठेवला आहे. त्यावर चिठ्ठी लावायची राहिली आहे.