व्हर्डेलचा उघडा बोळ

अलाबामात, कापसाच्या रानाला लागून व्हर्डेलचं घर होतं. ओंडक्यांच्या दोन खोल्या, वर दोन्हींना मिळून एकच पत्र्याचं छप्पर आणि दोन्ही खोल्यांच्या मधून आरपार उघडा बोळ. एकीकडे चूल, दुसरीकडे खाट. रानाच्या मालकाच्या बंगल्याला कुलपं होती, हिच्या घराला मधोमध वारा होता. या घराला हसणाऱ्यांनी ऑगस्टच्या भर उकाड्यात एकदा त्या वाऱ्यात बसून बघावं.

याच बोळात तिनं पोरं खेळवली, शेंगा सोलल्या. नवरा हार्मन गेला तेव्हा त्यालाही इथंच फळीवर निजवलं. घरातली गार जागा तेवढीच. पाय रस्त्याकडे करून इथूनच बाहेर काढला.

तेव्हापासून दिवेलागणीला पावलं वाजायची. रानाकडून चढायची, रस्त्याकडे उतरायची. एक पाऊल जड, एक ओढतं, हार्मनचंच. व्हर्डेल हातातलं काम थांबवत नसे. गेला माझा माणूस, एवढंच मनात म्हणे.

हिवाळ्याच्या तोंडाला मुलगा क्लीओफस अलाबामातल्याच बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून आला तो फळ्या घेऊनच.

"गारठून मरशील, आई. बोळ बंद करतो, नाहीतर चल शहरात माझ्याकडे."

"तुझ्याकडे? तुझ्या बायकोची बोलणी खायला?"

"मग ठोकू दे गपचूप."

घर सोडण्यापेक्षा फळ्या बऱ्या, म्हणून तिनं ठोकू दिल्या. वारा रस्त्याकडून यायचा, म्हणून त्यानं आधी तीच बाजू बंद केली. रानाकडची उद्यावर ठेवली.

दिवेलागणीला पावलं चढली. नव्या फळ्यांपाशी थांबली. मागं फिरली, पुन्हा आली. मग चुलीच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. खांबांवर उचललेल्या घराच्या खाली निजलेला कुत्रा कण्हू लागला.

क्लीओफसच्या हातातला घास तसाच राहिला. "लाकूड वाजतंय, आई. थंडीचं."

"मग दार उघडून बघ की. शहरातला शहाणा ना तू?"

बाहेर एक पाऊल जड पडलं, दुसरं ओढत आलं. ती चाल पोराला लहानपणापासून ठाऊक होती.

"आत यायचंय का त्यांना?"

"जायचंय त्याला. वाट तू अडवलीस."

त्यानं पहार उचलली, मान खाली घालून दार उघडलं आणि एकेक फळी उखडली. शेवटची पडली तसा वारा आरपार गेला. पावलं रस्त्याकडे उतरली. घाईघाईनं, पुन्हा कुणी अडवायच्या आत.

त्या फळ्या हिवाळाभर चुलीत गेल्या. बोळ उघडाच राहिला, व्हर्डेलही तिथंच राहिली. पावलं मात्र पुन्हा आली नाहीत.

आता दिवेलागणीला तिचे हात थांबतात.