परत फेकलेला चेंडू

हॅडली गावच्या मैदानात डावीकडच्या कुंपणामागे जी लाकडी बाकं आहेत, तिथे व्हर्ना हूकस्ट्राचं राज्य होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची उभी हयात गेली. आरडाओरडा करणाऱ्या पोरांना एका हाकेत रांगेत उभं करणारा आवाज निवृत्तीनंतर वाया कशाला घालवायचा, म्हणून तिने तो बेसबॉलच्या कामी लावला. एप्रिलमध्ये नदीवरून बोचरा वारा सुटायचा तेव्हा ती पायांवर पांघरूण घेऊन बसायची, ऑगस्टमध्ये तिथेच घामाच्या धारा पुसत बसायची. डोक्यावर मात्र कायम तीच पिवळी टोपी.

हॅडली ऑटर्स हा काही मोठा संघ नव्हे. इथे खेळायला येतात ती मिसरूड फुटलेली पोरं. बरी निघाली तर वरच्या संघात जातात, नाही निघाली तर घरी. म्हणजे जीव लावावा तर पोरगं जाणारच, चांगलं निघालं तरी आणि वाईट निघालं तरी. व्हर्नाला हे चांगलं ठाऊक होतं. म्हणून ती पोरांकडे लांबून बघायची. चेंडू टाकणारा कोणता पिचर घाबरला की टोपी नीट करतो, कोण बाद झाला की आधी घरच्यांच्या बाकाकडे बघतो, हे सगळं तिच्या नजरेत असायचं.

तिचा नियम एकच. पाहुण्या संघाने होमरन, म्हणजे कुंपणापार टोला, मारला आणि चेंडू आपल्या बाकांवर आला, तर तो तसाच मैदानात परत भिरकावायचा. त्यांची चीज आपल्याला नको. कुणी चेंडू खिशात घालू लागला की व्हर्ना उभी राहायची आणि "फेक! फेक!" असा गजर सुरू करायची, मग सगळी बाकं तिच्यामागे ओरडायची. तिच्या शेजारी ऑरिन प्लूथ बसायचा, धान्याच्या कोठारावर जन्म काढलेला अबोल माणूस. एकदा त्याने खरा चेंडू खिशात घालून भलताच मळका चेंडू मैदानात फेकला, आणि व्हर्नाने ते पाहिलं. "लबाड!" ती सगळ्यांसमोर गरजली. "खिसा दाखव म्हातारड्या!" ऑरिनने खिसा दाखवला नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. पण जागा कुणीच सोडली नाही. वर्षानुवर्षं दोघं खांद्याला खांदा लावून, तोंडं समोर करून बसत आले.

गेल्या उन्हाळ्यात व्हर्नाच्या मागच्या खोलीत एक खेळाडू राहायला होता. परगावच्या पोरांना गावातली घरं मोसमभर ठेवून घेतात, तशी रीतच आहे. एलिएझर तावारेझ, सगळ्यांचा एली, डॉमिनिकन रिपब्लिकहून आलेला, लेफ्ट फील्डला म्हणजे तिच्या बाकांपुढेच खेळणारा. पहिले काही दिवस तो धड जेवला नाही. मग एकदा व्हर्नाकडून भात करपला. ती कपाळाला हात लावून बसली, तर या पठ्ठ्याने भांडं पुढे ओढून तळाची खरवड तेवढी, घरी आई देते तशी, खरडून खाल्ली आणि वर डोळे पुसले. दुसऱ्या दिवसापासून व्हर्ना भात मुद्दाम करपवू लागली. लांबून बघण्याचा तिचा बेत तिथेच फसला.

"पहिला होमरन मारला की चेंडू आईला," तो मोडक्या इंग्रजीत सांगायचा. "मी शब्द दिलाय, मिस व्हर्ना. टीव्हीच्या वर जागा करून ठेवलीय तिने."

"आधी मार तर खरा! पकडायची जबाबदारी माझी."

अख्ख्या मोसमात त्याला एकही जमला नाही. हिवाळ्यात ऑटर्सने त्याला कीलर गावच्या संघाला देऊन टाकलं, जुनं कपाट शेजाऱ्याला द्यावं तसं. व्हर्नाला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, पण हे ती कुणाजवळ बोलली नाही.

ऑगस्टमध्ये कीलरवाले मोसमातल्या शेवटच्या खेपेला हॅडलीत आले. सामन्याआधी एली कुंपणाशी आला. "मिस व्हर्ना, भात आहे?"

"हरून दाखव, मग वाढते," ती म्हणाली. मागची माणसं हसली.

आणि पाचव्या इनिंगमध्ये एलीने मारला. चेंडू उंच गेला, कुंपण ओलांडून व्हर्ना आणि ऑरिनच्या मधल्या फळीवर आदळला आणि तिच्या शेंगांच्या पिशवीत येऊन पडला. तिने तो उचलला. बॅटचा काळा डाग अजून ताजा होता.

"फेक! फेक!" बाकं ओरडू लागली. तिचाच गजर, तिनेच शिकवलेला. चेंडू फेकावा तर त्याच्या आईची टीव्हीवरची जागा रिकामी राहणार. ठेवावा तर इतकी वर्षं ज्यांना ज्यांना लबाड म्हटलं, त्यांच्या पंगतीत जाऊन बसायचं. व्हर्ना उभी राहिली, पण हात उचलवेना.

तेवढ्यात तिच्या दुसऱ्या हातात काहीतरी आलं. मळका, जुना चेंडू, ऑरिनने तेव्हा फेकला होता तसलाच. ऑरिन समोर बघतच पुटपुटला, "हा फेक. सगळे बघतायत."

तिने फेकला. टाळ्या, शिट्ट्या, नुसता कल्लोळ. दुसऱ्या बेसवरून वळताना एलीला परत येणारा चेंडू दिसला आणि त्यामागची पिवळी टोपीही दिसली. त्याची मान खाली गेली.

मग कीलरवाले क्षेत्ररक्षणाला आले. एली लेफ्ट फील्डला, तिच्या पुढ्यातच, पण पाठ करून उभा. एकदाही वळला नाही. सामना संपला की पाहुण्यांची बस मागच्या फाटकातून निघणार होती. व्हर्नाला बसवेना. ती कठड्याशी गेली आणि स्वयंपाकघरातला तो आवाज तिने लावला.

"एली! अरे इकडे बघ! तुझा चेंडू माझ्याकडे आहे. तो दुसराच फेकला मी!"

हात उंच करून तिने चेंडू दाखवला. एलीने पाहिला, आणि सगळ्या बाकांनीही पाहिला.

"शी! व्हर्ना, तूसुद्धा?" मागून कुणीतरी किंचाळलं. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान!" मग हुर्यो सुरू झाली. तिची अशी हुर्यो कधी उडाली नव्हती. तिने कठड्यावरून चेंडू सोडला. एलीने झेलला, डाग पाहिला आणि मागच्या खिशात कोंबला.

"भात जळतो अजून?" त्याने वर बघून विचारलं.

"रोज जाळते," व्हर्ना म्हणाली.

ती जागेवर येऊन बसली. हुर्यो हळूहळू विरली.

"तुझा तो तेव्हाचा चेंडू," शेवटी तिनेच तोंड उघडलं. "कुणासाठी ठेवला होतास?"

"कुणासाठी नाही," ऑरिन म्हणाला. "जन्मात तेवढा एकच माझ्याकडे आला होता. मला हवा होता."

व्हर्नाने शेंगांची पिशवी उचलून दोघांच्या मध्ये ठेवली.