खांबाला बांधलेली दोरी

मरोळच्या आमच्या गावठाणात चर्चमागे मातीचं मैदान होतं. त्यावर भात वाळायचं, लग्नाचे मांडव पडायचे आणि उरलेल्या दिवसांत आम्ही बास्केटबॉल खेळायचो. त्यामुळे रेषा कधी टिकायच्या नाहीत. दर शनिवारी चुन्याने त्या नव्याने आखाव्या लागत आणि ते काम माझं होतं. संघात मी सगळ्यांत बुटका, खेळात माझ्यावाचून कोणाचं अडत नव्हतं. म्हणून आखणीत तरी कोणी नाक खुपसू नये असं मला वाटायचं. खुपसलंच तर मी भडकायचो.

माझा चुलत भाऊ आमचा सेंटर. अठराव्या वर्षी सव्वासहा फूट उंच. सेंटरने रिंगखाली उभं राहायचं, बॉल हातात आला की वळायचं आणि आत टाकायचा. पाठीवर दोघं लटकलेले असले तरी हा वळायचा आणि फडताळात बरणी ठेवावी तसा बॉल रिंगमध्ये ठेवायचा. घाटकोपर-मुलुंडपर्यंत लोक त्याचं नाव काढत. पण त्याच्यावर एक सोपा उपाय होता. त्याला धक्का द्यायचा, फाउल घ्यायचा. मग याला पंधरा फुटांवरच्या रेषेवरून दोन फ्री थ्रो मिळणार. समोर कोणी आडवं नाही, घाई नाही. आणि हा दोन्ही घालवणार. बॉल रिंगच्या अलीकडेच खाली यायचा.

गंमत म्हणजे घरच्या मैदानावर हाच माणूस दहातले आठ मारायचा. मग निष्कर्ष काय? परक्या ठिकाणी घाबरतो. सगळे तेच म्हणायचे आणि सगळ्यांत मोठ्याने मी.

"अरे, घाबरतोस कशाला? खातंय का तुला कोणी?"

"मला नाही कळत रे. हातात जोरच येत नाही असं वाटतं," तो म्हणायचा.

सत्तर सालच्या आसपास विक्रोळीच्या एका कारखान्याच्या प्रशिक्षकाने त्याचा खेळ पाहिला. ते कारखानेवाले खेळाडूंना कायमची नोकरी द्यायचे. प्रशिक्षक सरळ बोलणारा माणूस होता. तो म्हणाला, "रिंगखाली तुझ्यासारखा दुसरा नाही. पण लाइनवर तू संपतोस. डिसेंबरात ट्रायलला ये. दहा फ्री थ्रो देईन. सहा पडले तर नोकरी, पाच पडले तर घर." काकाची शेतं औद्योगिक वसाहतीत गेली होती आणि घरात हाच थोरला. नोकरी किती हवी होती हे कोणी बोलून दाखवत नव्हतं, एवढी हवी होती.

मग रोज चर्चमधल्या पहाटेच्या प्रार्थनेआधी, मिसाआधी, तो शंभर फ्री थ्रो मारायचा आणि मी बॉल उचलून द्यायचो. काकी चर्चमध्ये मेणबत्ती लावून यायची आणि जाता जाता मला म्हणायची, "बाबा, तू त्याला धीर दे. पोरगा जरा भित्रा हाय." दोन महिने हे चाललं. मग बोरिवलीला सामना झाला. त्यात त्याला आठ फ्री थ्रो मिळाले आणि एक पडला. मला त्याचा राग आला होता, हे कबूल करतो.

ट्रायलला अठरा दिवस उरले असताना त्याचा फॉर्म द्यायला मी विक्रोळीला गेलो. तिथला मैदान सांभाळणारा माणूस रेषा आखत होता. माझंच काम, म्हणून थांबून पाहिलं. त्याने शिडी लावली, रिंगमागच्या बोर्डाच्या पुढच्या अंगाने गवंड्याचा ओळंबा खाली सोडला, तो टेकला तिथे खूण केली आणि त्या खुणेपासून टेपने पंधरा फूट मोजले.

मी म्हटलं, "खांबापासून नाही का मोजत?"

तो हसला. "कशाला? बॉल काय खांबाला मारतोस?"

आमच्याकडे पंधरा फुटांवर गाठ मारलेली एक दोरी होती. तिचं टोक खांबाला बांधायचं, दोरी ताणायची, गाठ येईल तिथे रेषा ओढायची. जुना खांब लाकडी होता, बोर्ड थेट त्यालाच ठोकलेला, तेव्हा ते बरोबर होतं. चार वर्षांपूर्वी वसाहतीतल्या एका वर्कशॉपने लोखंडी खांब करून दिला. त्याचा वरचा पाइप पुढे वाकवलेला आणि बोर्ड खांबाच्या तीन फूट पुढे. मी मात्र दोरी खांबालाच बांधत राहिलो. आमची रेषा चार वर्षं बारा फुटांवर होती.

बाकीचे आम्ही लांबून, जवळून, कसेही बॉल मारायचो, त्यामुळे फरक कळला नाही. हा कायम रिंगखाली. लांबून मारायचा तो फक्त त्या एका रेषेवरून. जितका जास्त सराव, तितकं त्याच्या हातात ते चुकीचं अंतर पक्कं बसत गेलं. आणि मला कोणी सांगितलं नव्हतं असंही नाही. अंधेरीच्या संघातला एक जण एकदा म्हणाला होता, "तुमची लाइन जवळ वाटते रे." त्याचे सगळे फ्री थ्रो रिंगच्या पलीकडे जात होते. मी त्याच्या अंगावर गेलो होतो. "आमच्याकडे येऊन आम्हालाच शिकवतोस काय?"

परत येऊन खांबापासून बोर्डापर्यंतचं अंतर मापलं. तीन फूट, वर दोन बोटं. कोणाला न सांगता रेषा मागे सरकवावी असं माझ्या मनात आलं होतं, दर शनिवारी थोडी थोडी. पण शनिवार दोनच उरले होते. मग त्याला मैदानावर नेलं, खरी रेषा आखली आणि सगळं सांगितलं. तो मला मारेल असं वाटत होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तो नव्या रेषेवर उभा राहिला. बॉल मारला. अलीकडेच पडला, अगदी बोरिवलीसारखा.

"म्हणजे मी घाबरत नव्हतो," तो म्हणाला.

एवढंच. मग त्याने गुडघे जास्त वाकवून दुसरा मारला. अठरा दिवस मी बॉल उचलत होतो. आता तो सकाळी दोनशे आणि संध्याकाळी दोनशे मारायचा.

ट्रायलला पहिले दोन हुकले. मला बघवेना, मी खाली मान घालून बसलो. पुढच्या आठातले सात पडले. मी ते पाहिले नाहीत, आवाजावरून मोजले.

नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी काकी आमच्या घरी फुगे घेऊन आली, सणाला तळतात ते, गरम गरम. तो तिच्या मागे दारात उभा होता. काकीने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "माझा पोरगा भित्रा. तू त्याला धीर दिलास म्हणून झालं."

मी तोंड उघडलं. त्याने मागून मान हलवली, नको. नंतर म्हणाला, "तू रोज उठलास ना पहाटे? राहू दे. माझी आई तुला आशीर्वाद देते, तो कशाला घालवतोस?"

मी फुगे खाल्ले. पुढे काकी बरीच वर्षं जगली आणि दर नाताळाला मला ताट पाठवत राहिली. तिचा मुलगा भित्रा नव्हता, हे तिला कोणी सांगितलं नाही.