अवुओरने ओळखलेलं जुनं पाणी

आमच्या सरोवरकाठच्या किसुमूच्या कचेरीतला, पाण्याच्या पातळीच्या नोंदी वाचणारा जुना प्रोग्राम नव्या संगणकावर चालावा म्हणून मी मध्ये एक दुभाष्या प्रोग्राम लिहिला. वर्षभर बरं चाललं. मग सरोवराची आजची पातळी भलतीच यायला लागली. मी पाण्यात रोवलेल्या मोजपट्टीला शिव्या घालत दोनदा कमरेइतक्या पाण्यात उतरलो.

शेजारच्या टेबलावरची अवुओर कोड उघडण्याआधी प्रश्न विचारते. "ओचोलादादा, नोंदींची फाइल केवढी झाली?"

"चार जीबीच्या वर."

"मग फाइलमध्ये कुठून वाचायचं त्या जागेचा आकडा तुमच्या दुभाष्याने त्यासाठी ठेवलेल्या खणात मावेना. वरचे अंक कापले जातात आणि वाचन पुन्हा पहिल्या पानावर, सगळ्यात जुन्या नोंदींवर येतं. हे आजचं पाणी नाही, तुमच्या आजोबांच्या वेळचं आहे!"

तिने कोडमधला एकच शब्द बदलून खण मोठा केला. आजची पातळी आली. मी मात्र ते जुने आकडे बघतच राहिलो. त्या पाण्यात माझे आजोबा जाळं टाकत होते.