पाणी तोडलेला मका

सुनंदाताई हिरव्यागार मक्यासमोर कधी थांबायच्या नाहीत. पानांच्या सुरळ्या झालेल्या, कडा करपलेल्या ओळी दिसल्या, की मात्र तिथंच बसकण मारायच्या. "पाणी असल्यावर समदाच मका देखणा दिसतो रे. पाणी तोडल्यावर कोण उभा राह्यतो, ते बघायचं," असं त्या म्हणायच्या.

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत त्या मक्याचे नवे वाण तयार करणाऱ्या पैदासकार होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. साडीवर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट, डोक्याला रुमाल आणि भुवयांवर पिवळे परागकण. तुऱ्याला बांधलेली कागदी पिशवी झटकून त्या कणसाच्या केसांवर पराग टाकत, तेव्हा त्यांच्याशी बोलायची सोय नसे. मी एकदा चिडवलं, "ताई, तुम्ही माणसांच्या डॉक्टर असता, तर रोग्यांचं काही खरं नव्हतं."

"बिलकुल," त्या म्हणाल्या. "सलाईन काढूनच तपासले असते!"

त्यांचं गाव धावडा. तिकडं मका ऐन फुलोऱ्यात असताना पाऊस दडी मारतो. तुरा येऊन वाळून जातो, कणसाचे केस मागाहून निघतात आणि दाणाच भरत नाही. लवकर तयार होणारा आणि उघडिपीत सापडलाच तरी तुऱ्याबरोबर केस काढणारा मका त्यांना हवा होता. कितीतरी हंगाम निवड करून त्यांनी असा एक वाण तयार केला. उन्हाळ्यात, फुलोऱ्याच्या तोंडावर पाणी तोडून त्याला पारखायचं तेवढं राहिलं होतं. त्याच वर्षी त्यांना कॅन्सर निघाला.

घराजवळ राहून लक्ष ठेवता यावं म्हणून आम्ही ती चाचणी धावड्याला त्यांच्या आईच्या रानात घेतली. शेतातल्या सगळ्यांसारखा मीही त्या म्हातारीला माय म्हणायचो. तुरे डोकवायला लागले, पाणी तोडलं आणि ताईंना उपचारासाठी संभाजीनगरला जावं लागलं. परत आल्यावर मीच त्यांना गाडीतून रानात नेलं. चाचणीचा सगळा तुकडा ओलाचिंब होता. माय बांधावर उभी होती.

"फुलावर आल्ता गं मका," ती म्हणाली. "पोटुशीचं पाणी तोडतं का कुणी? मला न्हाई बघवलं."

माझ्या जिभेवर शब्द आला होता. ताईंनी माझा हात दाबला. आईला म्हणाल्या, "बराबर केलंस माय."

गाडीत मात्र त्या रडल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. "मायला कायी बोलू नको," त्या म्हणाल्या. "मी सुकून राह्यले अन् तिला कायीच करता येईना. मंग तिनं मक्याला पाणी दिलं. माझा हंगाम गेला, जाऊ दे."

पुढचा उन्हाळा त्यांना मिळाला नाही. त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर मायनं मला बाजूला घेतलं. "ते बी उरलंय का रे? माझ्या रानात पेर. आता न्हाई हात लावायची."

मी पेरलं. फुलोऱ्याच्या तोंडावर पाणी तोडलं. माय रोज बांधावर येऊन मक्याकडं पाठ करून बसायची. शेजारच्याला दया आली, त्यानं मोटार लावायची गोष्ट काढली, तर त्याच्यावरच खेकसली.

आजूबाजूच्या, तुलनेसाठी लावलेल्या दुसऱ्या वाणांच्या ओळी करपून गेल्या. ताईंच्या वाणाचीही पानं वळली होती, पण तुऱ्यांवर पराग होता आणि खाली कणसांना ओले, लालसर केस फुटले होते. मी मायला हाक मारली. तिनं ते केस बोटांनी चाचपून पाहिले.

"जमलं का तिचं?"

"जमलं, माय."

"मंग आता देऊ का पाणी?"

मी "द्या" म्हणालो. तिनं खोरं घेतलं आणि स्वतः दारं धरलं. पाणी ताईंच्या ओळीत शिरलं, तशी ती चिखलातच बसली आणि लेकीच्या नावानं हंबरडा फोडला. मी तिला उठवायला गेलो नाही. मीही तिच्या शेजारी चिखलात बसलो.