पुसलेली खडूची रेघ

मॅट्रिकचं केंद्र तळेगावला होतं. वलवणच्या धरणावर मजुरी करणाऱ्या एका माणसाची मुलगी माझ्या वर्गात होती. मॅट्रिकला बसणारी त्यांच्या वस्तीतली ती पहिलीच. पहिल्या पेपरला बापलेक सकाळच्या पॅसेंजरनं जाणार होते. त्यांना अडवलं मीच. "गर्दीत कशाला धक्के खाता? मी मोटारीनं सोडतो."

मोटार मुंबईच्या एका शेठजींची. ती लोणावळ्याच्या बंगल्यात उभी असे आणि आठवड्यातून एकदा फिरवून आणायची, एवढंच काम माझ्याकडे होतं. पण आदल्या संध्याकाळी मला इंजिनाचं टायमिंग लावायची हुक्की आली. डेल्को, म्हणजे ठिणगी कोणत्या क्षणी पडायची ते ठरवणारा डबा, मी साफ करायला बाहेर काढला. परत तसाच बसावा म्हणून आधी डब्यावर आणि इंजिनावर खडूची रेघ मारली. हुशारी इथवरच. नंतर हातात फडकं आलं, समोर खडू दिसला, आणि अकरा वर्षं फळा पुसणाऱ्या माझ्या हातानं दोन्ही रेघा पुसून टाकल्या. मग डबा अंदाजानं बसवला आणि गाडी सुरू करून न बघताच जेवायला गेलो.

सकाळी तिकडे पॅसेंजर निघून गेली आणि इकडे गाडी सुरू होईना. बॅटरी संपली. मुलीचे वडील हँडल मारायला पुढे झाले. दुसऱ्याच फेऱ्याला ठिणगी वेळेआधी पडली आणि हँडल उलटं उसळलं. मनगट थोडक्यात वाचलं.

"मास्तर, ही तर म्हशीवानी लाथ मारतीया. काल बरी व्हती न्हवं?"

"काल दुपारपर्यंत बरी होती," मी म्हणालो. खोटं बोलायलाही वेळ नव्हता.

पावणेनऊ झाले. अकराला पेपर, मग केंद्राचं फाटक बंद. पुढची पॅसेंजर थेट दुपारी. मुलगी मागच्या सीटवर पुस्तक मिटून बसली होती. मला काही बोलली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती.

शेवटी मी पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला. त्या भोकावर अंगठा दाबायचा, दुसऱ्यानं हँडल सावकाश फिरवायचं. आतली हवा अंगठ्याला ढकलू लागली की पिस्टन वर येतोय असं समजायचं; ठिणगी तेव्हाच पडायला हवी. मी दोनदा अंगठा दाबून पाहिला, पण मला काहीच कळेना. मुलगी खाली उतरली.

"सर, मी धरते."

वडील हँडल फिरवू लागले. "आता?"

"न्हाई, आबा."

"आता?"

"थांबा. ढकलतंय."

तिच्या शब्दावर मी डबा पुन्हा बसवला. इंजिन एकदा फुटफुटलं आणि गप्प झालं. डबा कणभर फिरवला. पुन्हा गप्प. तिसऱ्या खेपेला ते चालू राहिलं, तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते.

कामशेतच्या चढावर गाडी माणसाच्या चालीनं चालली. ठिणगी आता जरा उशिरा पडत होती, पण थांबून काही सुधारायची माझी छाती नव्हती.

फाटकाशी पोचलो तेव्हा शिपाई कडी लावायच्या बेतात होता. काळा अंगठा परकराला पुसत मुलगी धावली आणि आत गेली.

मी सुस्कारा टाकला. "भाऊ, पेपर सुटला की घेऊन जातो तुम्हाला."

त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऱ्हाऊ द्या मास्तर. तुमी व्हा फुडं. आमी पॅसेंजरनं येतो." मग मनगट चोळत म्हणाले, "उद्याच्यालाबी."