पुढच्या वर्षी तुमचा नंबर

चिठ्ठ्या काढाव्यात तर मीच. बंगळुरूच्या शिवाजीनगरमध्ये घरी शिवणकाम करणाऱ्या निम्म्या बायका हे शपथेवर सांगतील. उरलेल्या निम्म्या काय सांगतील, तेच सांगायला बसलोय.

मी तेव्हा एका संशोधन संस्थेचं फील्डवरचं काम बघायचो. पायाच्या मशीनवर ब्लाउज शिवणाऱ्या बायकांना मोटरचं मशीन आणि महिनाभराचं प्रशिक्षण फुकट दिलं, तर त्यांची मिळकत खरंच वाढते का, हे आम्हाला शोधायचं होतं. वाटतं तितकं सोपं नाही ते. जी बाई धडपडी असते, ती आपणहून मशीन घेते आणि पुढेही जाते. मग श्रेय मशीनचं की तिचं? म्हणून कुणाला द्यायचं ते चिठ्ठ्यांवर सोडायचं. निम्म्यांना मशीन, निम्म्या आहेत तशा, आणि वर्षाने दोन्ही गटांची तुलना.

प्रयोगाच्या प्रमुख बाई पुण्याच्या, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. त्यांनी मला बोलायचा मजकूर छापूनच दिला होता.

"काका, यातला एक शब्द इकडचा तिकडे नको. आणि प्लीज, नाटक नको!"

नाटक नको, हे मला सांगताय! लग्नाचा एक छोटा हॉल घेतला होता. मी पितळी घागर मागवली, बाह्या सरकवून जादूगारासारखे रिकामे हात दाखवले, प्रत्येक चिठ्ठी उघडण्याआधी डोळे मिटून श्वास रोखला. बायका हसून लोटपोट.

निम्म्या चिठ्ठ्या काढून झाल्या. पहिल्या रांगेत एक अक्का बसली होती. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम, आणि घरात आमच्यासारखीच बंगळुरी मराठी. गुडघा दुखतो म्हणून एक पाय समोरच्या खुर्चीवर ठेवलेला. तिची चिठ्ठी निघाली नव्हती. मजकुरातलं पुढचं वाक्य होतं, 'बाकीच्यांना या योजनेत मशीन मिळणार नाही.' ते मला तिच्या तोंडावर म्हणवेना. शिवाय इतका रंगलेला खेळ रडका संपवायचा? मी उरलेल्या चिठ्ठ्या बाजूला ओतून घागर उलटी केली, तिच्यावर ताशासारखी बोटं वाजवली आणि म्हणालो, "अक्का, तोंड का पाडता? पुढच्या वर्षी तुमचा नंबर!"

असं काही ठरलेलं नव्हतं. बोलता बोलता सुचलं. आणि टाळ्या? काय टाळ्या पडल्या!

वर्षाने आकडे आले, तेव्हा बाई नाचायच्याच बाकी होत्या. "काका, इफेक्ट बघा! मशीनवाल्या कुठच्या कुठे गेल्या, आणि बाकीच्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत."

हे शेवटचं मला खटकलं. शिवाजीनगरसारख्या ठिकाणी वर्षभर कुणीच कसं हललं नाही? मी अक्काकडे गेलो. ती पायाच्या मशीनवर बाही जोडत होती.

"या अण्णा! आमचं मशीन आणलं की काय?"

"नाही. अक्का, मधल्या काळात तुम्ही स्वतःच मोटरचं घ्यायचं मनात नाही आलं?"

"घेतच होते की! भावजींनी एक जुनं बघून ठेवलेलं. बनशंकरी एरियातली बुटिकवाली म्हणाली, मोटर असली तर रोजचं काम देते. मी भावजींना म्हटलं, स्वल्प थांबा, अण्णांनी सांगितलंय, पुढच्या वर्षी नवं येतंय. गल्लीतल्या सगळ्याच थांबल्या."

"आणि बुटिकचं काम?"

"तिनं दुसरीला दिलं. ती कशाला थांबेल?"

ज्यांनी आहे तसं चालू ठेवायचं होतं, त्यांना मीच जागेवर खिळवून ठेवलं होतं. बाई ज्याला मशीनचा परिणाम म्हणत होत्या, त्यातला किती मशीनचा आणि किती माझ्या संवादाचा, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

बाईंना सांगितलं. त्यांनी आकड्यांची फाइल पुन्हा उघडली. मग म्हणाल्या, "रिपोर्टमध्ये लिहावं लागेल, काका." लिहिलंही. 'तुलनेच्या गटात अपेक्षा निर्माण झाल्याची शक्यता आहे.' माझं इतकं कोरडं वर्णन आजवर कुणी केलं नसेल.

"आणि त्या बायकांची मशीनं?" मी विचारलं.

"प्रोजेक्ट संपला. आणि आपण कुठे कबूल केलं होतं?"

खरंच होतं ते. कबूल फक्त मी केलं होतं.

पुन्हा अक्काकडे गेलो. या वेळी हातवारे नाहीत, काही नाही. "अक्का, मशीन येणार नाही. येणारच नव्हतं. मी उगाच बोललो."

तिचे पाय थांबले. "उगाच?"

"तुमचं पडलेलं तोंड बघवेना."

"मग तुम्ही दुसरीकडे बघायचं होतं."

"मी देतो एक. माझ्याकडून."

"आणि गल्लीतल्या बाकीच्यांना?"

मी एखादा विनोद शोधत उभा राहिलो. तिने हाताने चाक फिरवलं, पाय पुन्हा चालू झाले.

"सरी, असू दे अण्णा," ती म्हणाली, "स्वल्प बाजूला सरका. उजेड अडतोय."